राहिलेली इच्छा : मराठी अद्भुतकथेतील मृत्यू, पिशाच आणि दिलासा

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, इंदापूर तालुक्यात भिगवण आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी आणि एरवी ताज्या माशांच्या जेवणासाठी शहरी मंडळी येथे थांबतात. हे पक्षी ज्या पाण्यावर उतरतात, तो भीमेवरील उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय होय. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. भिगवणपासून जवळच असलेल्या पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिरही त्यांत बुडाले. पाऊस ओढ देतो, त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाणी उतरते, मंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा दिसेनासे होते.

गेलेले गाव असे अधूनमधून वर येते. गेलेले माणूसही असेच परत येते काय, हा प्रश्न लोककथेने फार पूर्वीपासून विचारला आहे. महाराष्ट्रात नदी, विहीर किंवा तळ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड आढळतात. त्या साती आसरा, म्हणजे पाण्यातील अप्सरा. त्या कोपल्या तर माणसाला ओढून नेतात आणि प्रसन्न झाल्या तर राखतात, अशी समजूत आहे. पाण्यात बुडून मेलेल्याचे पिशाच होते, त्याला कोकणात ‘गिऱ्हा’ असे नाव आहे. मराठी अद्भुतकथेतील मृत्यूचा विचार करताना या लोकसमजुतींपासूनच सुरुवात करावी लागते. कारण पुढील काळातील कथा, नाटक व चित्रपट यांनी त्यांचाच आधार घेतला आहे.

पिशाचांचे प्रकार, आयुष्यांचे प्रकार

मराठी पिशाचांची यादी बारकाईने पाहिली तर ती अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची यादी आहे, असे लक्षात येते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी मेला, तो मुंजा; त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेलेली स्त्री ती हडळ. धनात जीव अडकलेला किंवा मागे वारस न ठेवता गेलेला तो समंध. दुष्टपणा हे यांपैकी कोणाचेही मूळ लक्षण नाही. संस्कार पुरा झाला नाही, मूल हाती आले नाही, वारस लाभला नाही, एवढीच त्यांची ओळख आहे. जी दुःखे जित्या समाजाला सर्वांत अधिक सलत होती, त्यांनाच त्याने पिशाचांची नावे दिली.

या समजुतींची पद्धतशीर नोंद करण्याचे काम नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी हाती घेतले होते. शाळामास्तरांकडून त्यांनी माहिती मिळवली. डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांचा वध केला. त्यांची टिपणे पुढे रेजिनाल्ड एन्थोवेन यांनी संपादित केली आणि कोकणाचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पिशाचांविषयीची ही मोठी नोंदही अशी एकाने अर्धवट ठेवलेली आणि दुसऱ्याने पुरी केलेली आहे.

कावळा आणि वचन

अपुरी इच्छा पुरी कशी करावी, याचे उत्तर दहाव्याच्या विधीत आहे. पिंड ठेवला जातो आणि सर्वजण कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर नातेवाईक आठवू लागतात: मुलीचे लग्न राहिले होते, भावांचे भांडण मिटले नव्हते, घराचे काम अर्धे होते. मग एकेक जण हात जोडून ‘काळजी करू नका, आम्ही पाहू’ असे मोठ्याने सांगतो. तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून विधी उरकतात. या विधीत स्वर्गाचे आश्वासन कोणी देत नाही. दिलासा दिला जातो तो मागे राहिलेल्या कामाचा.

या दिलाशाची दुसरी बाजू ‘काकस्पर्श’ (२०१२) या चित्रपटाने दाखवली. उषा दातार यांच्या कथेवरून महेश मांजरेकर यांनी तो दिग्दर्शित केला. धाकट्या भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा थोरला भाऊ हरिदादा एक वचन देतो: मृताच्या तरुण विधवेला कोणाचाही स्पर्श होऊ देणार नाही. कावळा येतो, मृताला गती मिळते. पण ते वचन हरिदादा आणि उमा या दोघांच्याही आयुष्यावर आयुष्यभर बसून राहते. जिचे आयुष्य त्या वचनात बांधले गेले, तिला कोणी विचारलेले नसते. या कथेत पिशाच नाही, तरी गेलेल्याची सत्ता जित्यांवर कशी चालते, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकात हीच गोष्ट हास्याच्या अंगाने येते. चाळीत राहणारे भाऊराव मरतात आणि आपल्याच मरणावर कीर्तन करतात. आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे, असा त्यांचा हट्ट आहे. पण ते स्मशान बंद झालेले आहे. प्रेत अडून बसते आणि जित्यांची धावपळ होते. प्रेक्षक हसतो, पण जुना घाटच उरला नाही तर जुन्या माणसाने जायचे कोठे, हा प्रश्न त्या हास्यातून सुटत नाही. ज्यांच्या गावाचा नदीकाठ धरणात गेला, त्यांना या प्रश्नाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

भय, गूढ आणि न येणारे मरण

मराठी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला तो नारायण धारप (१९२५-२००८) यांनी. त्यांच्या अनेक कथांत अमानवी शक्ती घरात शिरते आणि ‘समर्थ’ यांच्यासारखा जाणता पुरुष तिला परतवतो. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी आपल्या लेखनासाठी ‘गूढकथा’ हे नाव रूढ केले. ‘खेकडा’सारख्या त्यांच्या कथांत भयाचा उगम बहुधा माणसाच्या मनातच असतो. जी. ए. कुलकर्णी यांची वाट याहून निराळी. ‘काजळमाया’ (१९७२) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) यांतील रूपककथांत मृत्यू हा नियतीचा भाग आहे आणि दिलासा क्वचितच मिळतो. पत्नीला मृतांच्या राज्यातून परत आणायला निघालेल्या ग्रीक गायकाची, ऑर्फियसची, आख्यायिका त्यांनी कथेसाठी निवडली, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा आहे, तर त्याच्या नावामागे श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची. त्यात एक वृद्धा शापामुळे मरूच शकत नाही. तिचे शरीर झिजते, त्यातून झाड उगवते, पण प्राण जात नाही. विनायक तिच्याकडे खजिन्याचे गुपित मागतो आणि बदल्यात ती सुटका मागते. तो तिला अग्नी देतो. मरणाहूनही मरण न येणे भयंकर असू शकते, ही जाणीव येथे भयपटाच्या रूपाने मांडली आहे. दीर्घ आजाराने खिळलेल्या माणसाजवळ रात्री काढलेल्या कुटुंबांना ती अपरिचित नाही.

गोष्ट हाच दिलासा

मृताला गती मिळावी म्हणून काय करावे, हे लोककथा सांगते. मरणाऱ्याला धीर कसा द्यावा, याचे उत्तर मात्र आपल्या जुन्या ग्रंथांत अधिक सापडते. राजा परीक्षिताला सात दिवसांत मृत्यू येणार, असा शाप मिळतो. तो गंगेकाठी बसतो आणि शुकमुनी त्याला गोष्टी सांगतात. संपूर्ण भागवत अशा रीतीने एका मरणासन्न श्रोत्याला सांगितलेले आहे. गावोगाव होणाऱ्या भागवत सप्ताहाच्या सात दिवसांचे मूळही त्यातच आहे. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी पोहोचतो, तेव्हा तो पहिला वर आत्मज्ञानाचा मागत नाही. मागे राहिलेल्या पित्याचे मन शांत व्हावे, असा वर तो मागतो. दहाव्याला हात जोडणाऱ्या नातेवाइकांची आणि नचिकेत्याची चिंता एकच आहे, फक्त दिशा उलटी आहे.

स्वीडनच्या आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या ‘ब्रदर्स लायनहार्ट’ (१९७३) या बालकादंबरीतही हेच घडते. आपण मरणार हे आजारी कार्लला कळते आणि थोरला भाऊ योनाथान त्याला मृत्यूनंतरच्या ‘नांगियाला’ या देशाची गोष्ट सांगतो. मुलांना मृत्यूचे आकर्षण वाटेल, अशी टीका या पुस्तकावर झाली. मराठी वाचकांच्या परिचयाच्या हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागात (२००७) तर एकाच खड्याच्या दोन गोष्टी आहेत. एक जण त्या खड्याने मृत प्रेयसीला परत बोलावतो; ती दुःखी राहते आणि तो स्वतःचाही जीव घालवतो. हॅरी तोच खडा मरणाकडे चालत जाताना वापरतो. त्याचे आईवडील त्याला वाचवत नाहीत, फक्त शेवटपर्यंत सोबत चालतात. मृताला ओढून परत आणणे हा शाप आहे आणि मरणाऱ्याची सोबत करणे हा दिलासा आहे, असा भेद या कथेने केला आहे.

वेळेवर ऐकणे

हा भेद वैद्यकशास्त्रानेही मान्य केला आहे. मुंबईतील ‘शांती आवेदना सदन’ हे मरणासन्न कर्करुग्णांची शुश्रूषा करणारे देशातील पहिले केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हे काम करीत आहे. वेदना कमी करणे आणि रुग्णाचे बोलणे ऐकून घेणे या दोन गोष्टी या शुश्रूषेत एकत्र चालतात. उपचार कोठे थांबवावेत, याविषयी माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या इच्छेला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालाने मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सुलभ केली.

मुंजा, समंध, भाऊराव आणि पिंडाकडे न फिरकणारा कावळा या सर्वांचे म्हणणे मुळात एकच आहे: काही सांगायचे राहिले. मृत्यूनंतर ते ओळखावे लागते, अंदाजाने वचन द्यावे लागते आणि त्या वचनाची किंमत एखाद्या उमेला मोजावी लागते. तोच प्रश्न माणूस हयात असताना विचारला तर उत्तर त्याच्याच तोंडून मिळते. जे पुरे करता येणार नाही ते तसे सांगता येते, आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे तिलाही विचारता येते. यशवंतसागराचे पाणी उतरले की पळसनाथाचे दर्शन काही आठवडे पुन्हा घडते. माणसाच्या बाबतीत ती सोय नाही, म्हणून त्याच्या उशाशी बसून ‘काही सांगायचे आहे का?’ हे विचारण्याची वेळ आधीचीच असते.