सिलिकॉनची चकती: बर्लिनपासून मंगळवेढ्यापर्यंत

मायक्रोचिप ज्या पातळ, गोल चकतीवर घडवली जाते तिला वेफर म्हणतात. ही चकती सिलिकॉनच्या एकाच स्फटिकातून कापलेली असते. तिच्यातली अणूंची मांडणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कुठेही मोडत नाही. एवढा मोठा आणि निर्दोष सिलिकॉन स्फटिक निसर्गात मिळत नाही, तो वाढवावा लागतो. वाढवण्याची रीत मात्र चिपच्या कितीतरी आधी, वेगळ्याच कामातून सापडली.

१९१६ साली बर्लिनमध्ये एईजी कंपनीत पोलिश रसायनतज्ज्ञ यान चोक्राल्स्की धातू किती वेगाने गोठतात याचा अभ्यास करत होते. लिहिताना त्यांनी टाक दौतीऐवजी वितळलेल्या कथिलाच्या मुशीत बुडवला आणि टाकाच्या टोकाला धातूची बारीक तार लोंबत आली, असे सांगतात. ती तार म्हणजे एकच स्फटिक होता. पुढची तीसेक वर्षे ही पद्धत मुख्यतः धातुशास्त्रज्ञांपुरतीच राहिली. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, तेव्हा तिथल्या गॉर्डन टील यांनी एकस्फटिकाचा आग्रह धरला. वरिष्ठांना ते अनावश्यक वाटले. टील यांनी जॉन लिटल यांच्यासह कामाच्या वेळेबाहेर जर्मेनियमचे स्फटिक ओढले आणि त्यांचे ट्रान्झिस्टर सरस ठरले. थोड्याच काळात अर्नेस्ट ब्यूलर यांच्याबरोबर त्यांनी सिलिकॉनचाही स्फटिक वाढवला. या साऱ्या इतिहासात टील यांच्या चिकाटीला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही.

कच्चा माल गारगोटीच्या जातीचा शुद्ध क्वार्ट्झ. विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवला की त्यातून सुमारे ९८ ते ९९ टक्के शुद्ध सिलिकॉन मिळते. चिपसाठी एवढी शुद्धता अगदीच अपुरी. म्हणून त्याचे ट्रायक्लोरोसिलेन हे द्रव संयुग करतात, ते पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात आणि तापलेल्या सळ्यांवर त्यातले सिलिकॉन साठवतात. १९५० च्या दशकात जर्मनीत सीमेन्सने ही पद्धत बसवली. आता अब्जावधी अणूंमागे एखादाच परका अणू उरतो.

हे सिलिकॉन क्वार्ट्झच्या मुशीत, आर्गॉन वायूत, १४१४ अंश सेल्सिअसला वितळते. वरून पेन्सिलीएवढा बीजस्फटिक फिरत फिरत खाली येतो, रसाला टेकतो आणि हळूहळू वर ओढला जातो. सुरुवातीला मान मुद्दाम काही मिलिमीटर बारीक ठेवतात, म्हणजे बीजातले दोष बाजूच्या पृष्ठभागावर निघून जातात आणि खालचा स्फटिक निर्दोष वाढतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम डॅश यांनी शोधलेल्या या युक्तीमुळे पुढचे मोठे स्फटिक शक्य झाले. मिनिटाला मिलिमीटरभर अशा संथ गतीने शंभर किलोहून जड दंडगोल तयार होतो. तारेच्या करवतीने त्याच्या चकत्या पाडतात. मग घासणे, आम्लाने खरवडणे आणि आरशासारखे चकाकवणे. १९६० च्या सुमारास वेफर इंचभर व्यासाचा होता. २००० नंतर ३०० मिलिमीटरचा रुळला. त्याची जाडी ७७५ मायक्रॉन, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून किंचित जास्त.

भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर तमिळनाडूत मेट्टूरला मेटकेम कंपनीने १९८० च्या दशकात शुद्ध सिलिकॉन काढले, पण तो उद्योग टिकला नाही. महाराष्ट्रात वेफर आला तो प्रयोगशाळांतून, आणि बहुतांशी बाहेरून विकत घेऊन. भाभा अणुसंशोधन केंद्राने सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगासाठी सिलिकॉनचे कणशोधक आखले; चार इंची वेफरवरचे, ६३ मिलिमीटर चौरसाचे आणि प्रत्येकी ३२ पट्ट्यांचे हे सुमारे हजार शोधक बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने घडवले. मुंबईच्या आयआयटीत २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र उभे राहिले, २०१० मध्ये सौरविद्युत संशोधनाचे.

मंगळवेढा तालुका अवर्षणाचा, ज्वारीचा. तिथल्या शेतात वेफर पोहोचला तो सौरपंपाच्या पॅनेलमधून. पद्धत तीच, पण अपेक्षा कमी: शुद्धता चिपइतकी लागत नाही, आरशासारखी चकाकी लागत नाही आणि जाडी २०० मायक्रॉनच्या आत भागते. एका सेलमधून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून अनेक सेल एकामागोमाग जोडून पंपाला पुरेसा विद्युतदाब उभा करतात. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेने आणि राज्याच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेने तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीचे असे पंप अनुदानावर दिले. या पॅनेलांतले वेफर मुख्यतः चीनमध्ये ओढलेल्या स्फटिकांचे असतात. जगातल्या सौर वेफरांचे बहुतेक उत्पादन आज तिथेच होते.