हमीभाव : जाहीर झालेला दर आणि काट्यावरचा दर

बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल परिसरात खरिपाचा हिशेब प्रामुख्याने कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर मांडला जातो. तिन्ही पिकांना केंद्र शासनाचा हमीभाव आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये, तुरीला ८,००० रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये असा जाहीर झाला. हा दर शेतकऱ्याच्या हाती पडतो की नाही, हे मात्र खरेदी केंद्र कधी उघडते, किती माल घेते आणि कोणत्या अटींवर घेते यावरच ठरते.

शासनाच्या कागदोपत्री या दराचे नाव 'किमान आधारभूत किंमत' असे आहे. मराठीत रूढ झालेला 'हमीभाव' हा शब्द त्याहून मोठे आश्वासन देतो. प्रत्यक्षात शेतमाल या दराने विकला जाईलच, अशी कायदेशीर हमी देशात कोठेही सर्व पिकांना लागू नाही. बाजारभाव घसरला आणि शासकीय यंत्रणा खरेदीला उतरली, तरच या दराला अर्थ प्राप्त होतो. शांताकुमार समितीने २०१५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार देशातील जेमतेम सहा टक्के शेतकऱ्यांनाच शासकीय खरेदीत हमीभावाने माल विकता आला होता. गहू आणि भात पिकविणाऱ्या पंजाब-हरियाणाचा त्यातील वाटा लक्षात घेतला, तर विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याचे स्थान वेगळे सांगावे लागत नाही.

दर ठरविण्याची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेला सध्याचे नाव १९८५ मध्ये मिळाले. बियाणे, खते, मजुरी असा प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरून जो उत्पादनखर्च निघतो, त्याच्या दीडपट भाव देण्याचे सूत्र केंद्राने २०१८-१९ पासून स्वीकारले. सोयाबीनचा असा खर्च ३,५५२ रुपये धरला गेला आणि त्यावरून ५,३२८ चा आकडा आला. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याजही खर्चात धरावे, ही शेतकरी संघटनांची मागणी मान्य झालेली नाही. शिवाय हा खर्च साऱ्या देशाची सरासरी असते. पूर्णा खोऱ्यात भूगर्भातील पाणी खारट असल्याने पावसावरच विसंबणाऱ्या खारपाणपट्ट्यातील शेताचा एकरी उतारा आणि ओलिताखालील शेताचा उतारा त्यात एकाच तागडीत पडतात.

शेतमालाच्या खरेदीवर नियंत्रण ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. कारंजा येथे १८८६ मध्येच नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला होता आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याकडे देशातील बाजार समित्यांच्या कायद्यांचे मूळ म्हणून पाहिले जाते. खामगावला १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातील सर्व कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकणे बंधनकारक झाले. पुढे १९८४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कापूस उत्पादक पणन महासंघ स्थापन करण्यात आला. खरेदीची खात्री होती, व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागत नव्हते. परंतु प्रतवारीबाबतच्या तक्रारी, रखडणारे चुकारे आणि वाढत जाणारा तोटा यांनी योजना पोखरली गेली. शेजारच्या राज्यात भाव चढा असला, की कापूस सीमेपार जाऊ लागे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांची हद्द मध्य प्रदेशाला लागून आहे. स्वतःच्या शेतातील कापूस ती हद्द ओलांडून विकणे हा त्या काळी गुन्हा होता. २००२ पासून खासगी व्यापाऱ्यांना मुभा मिळाली आणि एकाधिकार संपुष्टात आला.

त्यानंतर हमीभावाने कापूस खरेदीची मुख्य जबाबदारी १९७० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कापूस महामंडळाकडे, म्हणजेच 'सीसीआय'कडे आली. महामंडळाचा पूर्ण दर आठ टक्के ओलाव्याच्या कापसाला मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे दरात एक टक्का कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर ओलावा आढळल्यास गाडी परत पाठविली जाते. म्हणजे बारा टक्के ओलाव्याच्या लांब धाग्याच्या कापसाला ८,११० ऐवजी सुमारे ७,७८५ रुपये पडतात. परतीचा पाऊस लांबला किंवा धुके पडले, की पहिल्या वेच्याचा कापूस या मोजमापात बसणे कठीण होते. तो वाळवून ठेवावा, तर राहत्या घराखेरीज जागा नाही. घरात भरलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते आणि आगीची धास्ती राहते. अशा वेळी गावात येऊन रोखीने माल उचलणारा व्यापारी दर पाडून मागतो आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असलेला शेतकरी तो देतो.

२०२५ च्या हंगामात महामंडळाने 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर नोंदणी सक्तीची केली. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ करण्यात आले आणि ही माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. वेचणीचा नेमका काळ त्यात आला. एका हाताने आधार देऊन दुसऱ्या हाताने बाजार खाली ओढण्याचा हा प्रकार होता.

सोयाबीन आणि तुरीची खरेदी नाफेड व एनसीसीएफ या केंद्रीय संस्थांच्या वतीने राज्यातील पणन महासंघ, खरेदी-विक्री संघ आणि शेतकरी उत्पादक कंपन्या करतात. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात दर चार हजारांच्या आसपास रेंगाळत होते. ओलाव्याची मर्यादा बारा टक्क्यांवरून पंधरा टक्के करण्यात आली, ती विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या मध्यात. बारदान्याच्या टंचाईने अनेक ठिकाणी मोजणी थांबली. खरेदीची मुदत १२ जानेवारीवरून ३१ जानेवारी आणि तेथून ६ फेब्रुवारी अशी वाढवावी लागली. महाराष्ट्रात सुमारे ११ लाख टन खरेदी झाली. हे प्रमाण देशात आघाडीचे होते; तरीही नोंदणी केलेल्या अनेकांचा माल काट्यावर चढलाच नाही. २०२५ मध्ये प्रत्यक्ष खरेदी १५ नोव्हेंबरपासून ठरविण्यात आली. दिवाळी त्याआधीच, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होऊन गेली होती.

तुरीचा अनुभव याहून बोलका आहे. २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आले आणि २२ एप्रिल २०१७ रोजी केंद्राची खरेदी मुदत संपली, तेव्हा केंद्रांबाहेर तुरीने भरलेल्या वाहनांच्या रांगा उभ्या होत्या. राज्याला बाजार हस्तक्षेप योजनेतून उरलेली तूर घ्यावी लागली.

या साऱ्यावर उपाय सुचविताना दर वाढविण्याचीच चर्चा अधिक होते. केंद्रे काढणीपूर्वी सुरू करणे, बारदाना आणि गोदामे आधीच राखून ठेवणे आणि चुकाऱ्याची मुदत पाळणे ही कामे त्या तुलनेत क्षुल्लक दिसतात. परंतु विक्रीच्या हंगामात नडतात ती हीच. भावांतर योजनेत बाजारभाव व हमीभाव यांतील फरक थेट खात्यात जमा होतो. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये ती राबविली, तेव्हा व्यापारी संगनमताने दर पाडतात अशी तक्रार झाली. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे ठरविले. मात्र ते माल विकला गेल्यानंतर. त्यापेक्षा राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना व्यवहार्य वाटते. बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या सोयाबीन, तूर यांसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. १९९०-९१ पासून असलेली ही योजना गोदामाअभावी खेड्यांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

एक प्रश्न या चर्चेत सहसा येत नाही. नोंदणीसाठी सातबारा आणि त्यावर पिकाची नोंद लागते. २०२१ पासून ही नोंद ई-पीक पाहणीद्वारे होते. जो ठोक्याने किंवा बटाईने दुसऱ्याची जमीन कसतो, त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. जमीनमालकाने आपल्या नावे नोंदणी करून दिली, तर पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. ती न दिल्यास पेरणीपासून वेचणीपर्यंतचा खर्च करणाऱ्या या शेतकऱ्यासाठी खेडा खरेदीचाच दर उरतो.