‘घरची’ बिअर : एका विशेषणाचा सामाजिक इतिहास

१

माग हा शब्द मराठीत शतकानुशतके एकटाच पुरेसा होता. यंत्रमाग आल्यानंतर जुन्या मागास ‘हातमाग’ म्हणणे भाग पडले. वस्तू पालटली नाही. तिच्या शेजारी दुसरी वस्तू येऊन उभी राहिली, एवढ्यामुळे तिला विशेषणाची गरज निर्माण झाली. इंग्रजीतील ‘होम-ब्रूड’, म्हणजे घरी केलेली बिअर, हा शब्दही याच जातीचा आहे. आज इंग्लंड-अमेरिकेत हा शब्द एका छंदाचा वाचक आहे. एका वेळी पाच गॅलन, म्हणजे सुमारे तेवीस लिटर बिअर स्वयंपाकघरात करावी, मित्रांना पाजावी आणि कृतीची टिपणे वहीत लिहून ठेवावीत, असे या छंदाचे सामान्य स्वरूप आहे. तथापि मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुतेक पेय घरातच तयार होत असल्यामुळे ‘घरची’ हे विशेषण तेथे निरर्थक ठरले असते. हे विशेषण केव्हा आवश्यक झाले, कायद्याने त्याला कोणता अर्थ दिला आणि या संपूर्ण प्रवासाच्या नोंदी कोणी व कशासाठी ठेवल्या, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. त्यांपैकी तिसरा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास सर्वांत महत्त्वाचा वाटावा.

२

बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळवली म्हणजे माल्ट तयार होते. माल्ट गरम पाण्यात भिजवल्यास गोड काढा निघतो आणि किण्वामुळे तो आंबून त्यात मद्यार्क उत्पन्न होतो. या कृतीने सिद्ध होणारे जे पेय इंग्लंडमध्ये प्रचलित होते, त्यास ‘एल’ म्हणत. ते थोड्याच दिवसांत बिघडत असे. त्यामुळे ते दूरवर नेता येत नसे, फार दिवस साठवताही येत नसे. घरोघरी वरचेवर करावे लागे. एका घरी केलेले एल त्या घरास पुरून उरले की उरलेले शेजाऱ्यांना विकले जाई, आणि पुढील आठवड्यात शेजारणीचे एल विकत घेतले जाई. घर आणि बाजार यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा नव्हती.

हे काम मुख्यतः स्त्रियांचे होते. त्याची साक्ष भाषा देते. प्राचीन इंग्रजीत ‘-स्टर’ हा कर्तृवाचक प्रत्यय प्रायः स्त्रीलिंगी होता. ‘ब्रूस्टर’ म्हणजे एल करणारी, ‘बॅक्स्टर’ म्हणजे पाव भाजणारी, ‘वेब्स्टर’ म्हणजे विणणारी. पुढे प्रत्ययाचे लिंग विस्मृत झाले आणि हे शब्द पुरुषांची आडनावे बनून राहिले. केवळ सूत कातणारीच्या ‘स्पिन्स्टर’ या शब्दात लिंग टिकले, परंतु तेथे अर्थ ‘अविवाहित स्त्री’ असा पालटला. ‘ब्रूस्टर’ची कथा विशेष उद्‌बोधक आहे. स्त्रिया या व्यवसायातून बाहेर पडल्यानंतर कित्येक शतके मद्यविक्रीचे परवाने देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांच्या वार्षिक बैठकीस ‘ब्रूस्टर सेशन्स’ हेच नाव होते. २००३ च्या कायद्याने परवान्यांचे काम स्थानिक परिषदांकडे सोपवले, तेव्हा त्या नावाचे प्रयोजन संपले.

किण्वाचे मध्ययुगीन नावही लक्षणीय आहे. नॉर्विच येथील पंधराव्या शतकातील एका नोंदीत त्यास ‘गॉडिसगुड’, म्हणजे ‘देव दयाळू आहे’, असे म्हटले आहे. ज्याचे कारण ठाऊक नाही पण ज्याच्यावाचून काम होत नाही, अशा द्रव्यास दिलेले हे नाव होय. किण्वाचे जैविक कार्य लुई पाश्चर याने बिअरवरील १८७६ च्या ग्रंथात सविस्तर मांडले, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने शुद्ध किण्वाची पैदास साधली. तोपर्यंत हे ज्ञान हातांतच होते, आणि ते हात बव्हंशी स्त्रियांचे होते.

३

हा व्यवसाय स्त्रियांच्या हातून का गेला, याचे विवेचन जूडिथ बेनेट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. १३०० ते १६०० हा त्यांचा अभ्यासकाळ. चौदाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या महामारीनंतर राहणीमान सुधारले, दरडोई खप वाढला आणि व्यवसाय अधिक स्थिर व लाभदायक झाला. त्याच सुमारास नेदरलँड्सच्या प्रदेशातून हॉपच्या फुलांची बिअर इंग्लंडमध्ये आली आणि पंधराव्या शतकात ती तेथेच होऊ लागली. हॉपमुळे पेय महिनोन्‌महिने टिकते. टिकणारे पेय साठवता येते, दूर पाठवता येते, सैन्यास पुरवता येते. मात्र त्यासाठी मोठी भांडी, अधिक जळण, कोठारे आणि उधारी लागते. भांडवल, पत आणि व्यापारी संघातील स्थान ही साधने विवाहित, विधवा वा एकाकी स्त्रीस पुरुषाइतकी सुलभ नव्हती. स्त्रियांना कोणी एका दिवशी हाकलून दिले नाही. व्यवसाय मोठा होत गेला आणि त्या मागे राहिल्या.

बेनेट यांच्या साधनांचे स्वरूप येथे ध्यानात घेतले पाहिजे. एलचा भाव व दर्जा ठरवून देणारा नियम तेराव्या शतकात झाला होता. त्याच्या अंमलबजावणीसाठी जमीनदारी न्यायालये एल विकणाऱ्यांस वारंवार दंड करीत. हा दंड पुष्कळदा परवाना-शुल्कासारखाच होता. या दंडाच्या याद्यांतूनच आज शेकडो ब्रूस्टरांची नावे कळतात. परंतु ज्या स्त्रीने केवळ आपल्या कुटुंबापुरते एल केले आणि कधी विकले नाही, तिचे नाव यादीत आले नाही. विक्री झाली तरच नोंद झाली. घरच्या पेयाचा जो भाग खऱ्या अर्थाने घरचा होता, तोच इतिहासास अदृश्य राहिला.

४

पुढील दोन शतकांत नोंदीचे कारण दंडाकडून कराकडे सरकले. १६६० नंतर विक्रीच्या बिअरवर अबकारी कर होता. घरापुरत्या बिअरवर तो नव्हता. या सवलतीचा लाभ कोणास होत होता, हे अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये स्पष्ट केले आहे. ग्रामीण भागातील बहुतेक धनिक कुटुंबे आपली बिअर घरीच करीत आणि तीव्र बिअरच्या प्रत्येक पिंपामागील आठ शिलिंगांचा कर वाचवीत. ज्याच्याजवळ भांडी, जागा व जळण नव्हते, तो मजूर मात्र दुकानातून कर भरलेली बिअर विकत घेई. पेयावरील कर काढून सर्व भार माल्टवर टाकावा, असे स्मिथने सुचवले. ‘घरची’ या विशेषणास येथे प्रथम वर्गीय अर्थ चिकटलेला दिसतो.

विल्यम कॉबेट याने हीच वस्तुस्थिती दुसऱ्या टोकाकडून पाहिली. हॉपच्या लागवडीसाठी प्रसिद्ध असलेल्या फार्नहॅम गावी त्याचा जन्म झाला होता. १८२१-२२ मध्ये निघालेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या त्याच्या पुस्तिकामालेचा आरंभच बिअर करण्याच्या कृतीने होतो. एका पिढीपूर्वी मजुरांच्या घरोघरी बिअर होत असे; माल्ट व हॉप यांवरील करांनी ती बंद पाडली आणि तिच्या जागी निःसत्त्व चहा आला, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या चहाद्वेषात अतिशयोक्ती आहे. परंतु एक निष्कर्ष निश्चितपणे काढता येतो : जी कृती पूर्वी लेक आईपासून शिके, ती आता पुस्तकातून शिकवावी लागत होती.

१८३० मध्ये बिअरवरील कर रद्द झाला, १८६२ मध्ये हॉपवरील कर गेला, आणि १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील करही काढून पुन्हा तयार बिअरवर कर बसवला. छत्तीस गॅलनांच्या पिंपास सहा शिलिंग तीन पेन्स असा तो दर होता, आणि काढ्याचे विशिष्ट गुरुत्व १.०५७ हे त्याचे प्रमाण होते. माल्ट करमुक्त झाल्यामुळे घरी बिअर करणारा कराच्या जाळ्यातून सर्वस्वी निसटला असता. म्हणून त्याच कायद्याने घरगुती बिअरलाही परवाना आवश्यक केला आणि घराच्या वार्षिक मूल्यानुसार कमीअधिक बंधने घातली. घरच्या बिअरची कायदेशीर व्याख्या अशा रीतीने महसुलातील एक भोक बुजवण्याच्या प्रयत्नातून घडली. विक्रीशी काडीमात्र संबंध नसलेला गृहस्थ सरकारी वहीत आला तो याच मार्गाने.

त्यानंतरचा काळ ऱ्हासाचा आहे. काही जुन्या संस्थांनी परंपरा जपली. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात १९३९ पर्यंत कॉलेजची स्वतःची बिअर होत असे. १९१४ मध्ये पिंपामागे सात शिलिंग नऊ पेन्स असलेला कर १९२० मध्ये शंभर शिलिंगांवर गेला. एवढ्या करवाढीने घरच्या बिअरला उत्तेजन मिळावयास हवे होते. परंतु तोपर्यंत बहुसंख्य घरांतून भांडी गेली होती आणि हातातील ज्ञानही गेले होते.

५

३ एप्रिल १९६३ रोजी अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी आपल्या अर्थसंकल्पात हा परवाना रद्द केला. स्वतःच्या उपयोगासाठी कितीही बिअर करण्यास मुभा मिळाली. विक्रीची बंदी मात्र कायम राहिली. साखरेचे नियंत्रण १९५३ मध्ये उठल्यानंतर घरी फळांची वाइन करणाऱ्यांची मंडळे निघू लागली होती. त्यांच्या अनुभवाचा, पुस्तकांचा आणि भांड्यांचा उपयोग आता बिअरसाठी झाला. हॉप घातलेल्या माल्टच्या अर्काचे डबे औषधांच्या दुकानांत मिळू लागले. डबा, साखर, झाकणाची बादली आणि किण्वाची पुडी एवढ्या साहित्यावर चाळीस पाइंट बिअर होऊ लागली.

या साहित्यात एक छोटे उपकरण असे : काढ्याचे विशिष्ट गुरुत्व मोजणारी काचेची तरंगती नळी. इंग्लंडमध्ये बिअरच्या कामी त्याचा उपयोग रूढ करण्याचे श्रेय जॉन रिचर्डसन याच्या १७८४ च्या ग्रंथास दिले जाते. १८८० नंतर कराची आकारणी याच मोजणीवर होई. म्हणजे कर-अधिकाऱ्याचे मापन छंदिष्टाने उचलले, आणि जे आकडे पूर्वी सरकारी वहीत जात ते त्याच्या खाजगी वहीत जाऊ लागले.

अमेरिकेचा क्रम निराळा आहे. तेथे १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यानंतर घरी वाइन करण्यास कायद्याने वाव मिळाला, परंतु बिअर त्या सवलतीतून वगळली गेली. ही उणीव राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने दूर झाली. १ फेब्रुवारी १९७९ पासून एक प्रौढ असलेल्या घरास वर्षाला शंभर आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घरास दोनशे गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. घटकराज्यांची संमती स्वतंत्रपणे आवश्यक होती. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी ती २०१३ मध्ये दिली. दोन्ही देशांमधील दुवा जॅक मॅकॉलिफ यांच्या उदाहरणात सापडतो. अमेरिकी नौदलाच्या सेवेत स्कॉटलंडमध्ये असताना त्यांना हा छंद जडला, आणि १९७६ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे ‘न्यू अ‍ॅल्बियन’ हा लहानसा कारखाना काढला. तो १९८२ मध्ये बंद पडला; परंतु त्याच्या धर्तीवरचे पुढील अनेक लघुउद्योग स्वयंपाकघरातूनच निघाले. घरातील उरलेले एल विकणाऱ्या ब्रूस्टरचा मार्ग येथे नव्या स्वरूपात पुन्हा दिसतो. फरक असा की या वाटेने जाणारे बहुसंख्य पुरुष होते.

६

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, घरची बिअर हा छंद जुन्या गृहकृत्याचा अखंड वारसा नाही. गृहकृत्य आवश्यकतेतून होत होते आणि मुख्यतः स्त्रियांचे होते. छंद आवडीतून होतो आणि तो मुख्यतः पुरुषांनी, पुस्तकांच्या व उपकरणांच्या साहाय्याने उभा केला. मधला दुवा तुटलेला आहे. दोहोंना एकच विशेषण लागते म्हणून दोहोंचा इतिहास एक मानणे ही भाषेने केलेली दिशाभूल होय.

दुसरी गोष्ट साधनांविषयीची आहे. मध्ययुगातील दंडाच्या याद्या, अबकारीची कागदपत्रे आणि १८८० नंतरची परवान्यांची नोंद ही घरच्या पेयाची मुख्य सरकारी साधने आहेत, आणि त्यांतील प्रत्येक साधन कोणाकडून तरी पैसा वसूल करण्यासाठी निर्माण झाले. १९६३ मध्ये परवाना उठताच ब्रिटनमधील घरची बिअर सरकारी कागदातून पुन्हा नाहीशी झाली, आणि नेमका तोच तिच्या भरभराटीचा काळ होता. म्हणून नोंदी वाढल्या की कृती वाढली आणि नोंदी संपल्या की कृती संपली, असे अनुमान घरगुती उत्पादनाच्या कोणत्याही क्षेत्रात धोक्याचे ठरते. दळण, कातण, लोणची-पापड किंवा शिवणकाम यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यानेही हाती आलेल्या यादीस प्रथम हाच प्रश्न विचारावा की, ती कोणी केली, कोणाकडून काय घेण्यासाठी केली, आणि ज्यांच्याकडून काहीच घ्यावयाचे नव्हते त्या घरांत त्या वेळी काय चालले होते.