व्हिएन्नाचें सूतिकागृह

रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी हात धुवावेत, हा शुश्रूषेचा पहिला धडा. परंतु ज्या वैद्यानें तो आकड्यांनिशीं सिद्ध केला, त्याच्या वांट्याला हयातींत उपेक्षाच आली.

इ. स. १८४६ सालीं व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. त्या वर्षीं पहिल्या विभागांत ४,०१० बाळंतपणांत ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यांत ३,७५४ पैकीं १०५. पहिल्या विभागांत घालूं नका, म्हणून स्त्रिया हात जोडीत.

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन वैद्य तेथें सहायक होता. कोणी दूषित हवेला दोष देई, तर कोणी म्हणे, मरणोन्मुखांकडे येणाऱ्या पाद्र्याच्या घंटेनें बायका धास्तावतात. त्यानें घंटा बंद करविली. मृत्यु थांबले नाहींत.

१८४७ च्या मार्चमध्यें त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारला. शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शरीरांत आढळलेला दाह सूतिकाज्वरानें मेलेल्या स्त्रियांसारखाच होता. तेव्हां उलगडा झाला: वैद्य व विद्यार्थी शवागारांतून उठून बाळंतिणींकडे येत, सुइणी शवविच्छेदन करीत नसत!

साबणानें हातांची दुर्गंधि जाईना. म्हणून मे महिन्यांत क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति झाली. एप्रिलमध्यें शेंकडा १८ असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा २ च्या आसपास उतरलें. परंतु ऑक्टोबरमध्यें गर्भाशयाचा कर्करोग वाहत असलेली एक स्त्री तपासून, हात केवळ साबणानें धुवून, वैद्य पुढील खाटांकडे गेले. १२ बाळंतिणींपैकीं ११ दगावल्या. विष केवळ शवांतून येत नाहीं, जिवंत रोग्याकडूनही येतें, हें तेव्हां कळलें.

बरें करणारा हातच रोग पसरवितो, हें पुष्कळ श्रेष्ठांना सोसवलें नाहीं. जंतुशास्त्राचा आधार अद्यापि नव्हता. सेमेलवाइसचा ग्रंथही १८६१ पर्यंत निघाला नाहीं. पुढें त्यानें विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हटलें, त्यानें मनें अधिकच दुरावलीं. १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत जखमा चिघळून त्याचा अंत झाला. वय अवघें ४७. दोनच वर्षांनीं लिस्टरचे जंतुघ्न शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध झाले आणि १८७९ सालीं पाश्चरनें सूतिकाज्वराचे जंतु दाखविले.

एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जातांना परिचारिका हात स्वच्छ करते, तेव्हां ती व्हिएन्नांत घालून दिलेलाच नियम पाळीत असते. घाईंत तो चुकला, तर फळही त्या ऑक्टोबरसारखेंच मिळूं शकतें.