माग आणि मार्ग

कायद्याच्या पुस्तकात काव्य शोधू नये, असा एक सर्वमान्य संकेत आहे. तथापि 1999 साली आपल्या संसदेने संमत केलेला आणि 15 सप्टेंबर 2003 पासून अंमलात आलेला भौगोलिक मानांकनाचा कायदा वाचताना आम्हांस असे वाटते की, कायदेकर्त्यांनी त्यात नकळत एक फार जुना प्रश्न विचारून ठेवला आहे. एखाद्या वस्तूस तिच्या गावाचे नाव लावावयाचे असेल, तर तिचे गुण त्या भूप्रदेशामुळे कसे आले, त्यात निसर्गाचा वाटा कोणता आणि माणसांचा कोणता, हे अर्जदाराने दाखवून द्यावे, अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे. आंबा, चहा किंवा तांदूळ यांच्या बाबतीत उत्तर सोपे असते. माती आणि पाऊस साक्षीला उभे राहतात. परंतु कापडाचे काय? आज रेशीम बहुधा कर्नाटकातून येते, जर सुरतेहून येते आणि रंग कारखान्यातून येतो. मग पैठणीत पैठण कोठे असते? पोचमपल्लीच्या साडीत पोचमपल्ली कोठे असते?

हा प्रश्न विचारण्यास हैदराबादच्या कोठीसारखे ठिकाण दुसरे नाही. रेसिडेंट जेम्स अकिलीझ कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या ज्या प्रासादावरून या भागास कोठी हे नाव पडले, तेथे 1949 साली स्त्रियांचे महाविद्यालय आले आणि आता महिला विद्यापीठ आहे. त्या वास्तूला लागून असलेला रेसिडेन्सी बाजार 1933 साली निजामाकडे परत गेला आणि तो सुलतान बाजार झाला. तोवर तेथे अंमल ब्रिटिशांचा होता, आणि संस्थानात जे बोलणे अवघड होते ते त्या चार गल्ल्यांत थोडे सोपे होते. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने याच परिसरात विवेकवर्धिनीसारखी संस्था वाढवली. मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा येथे एकाच दुकानाच्या पायरीवर भेटतात, आणि ते दुकान बहुधा कापडाचे असते. विक्रेता गठ्ठा उलगडतो आणि गिऱ्हाइकापुढे दख्खनचा सगळा नकाशा पसरतो.

त्या नकाशावरील सर्वांत जुनी वाट मराठवाड्यातून जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन्ही नगरांचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या अंतरावर आणि तेथून पूर्वेस तगर दहा दिवसांवर, असा त्याचा हिशेब आहे. धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या बंदराकडे जात. पैठणहून रंगीत खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंतर मैलांत दिलेले नाही, दिवसांत दिलेले आहे. चालणाऱ्याच्या पायांनी आणि बैलांच्या खुरांनी मोजलेला असा हा भूगोल होता. कापड आणि वाट यांचे नाते आमच्याकडे किमान दोन हजार वर्षांचे आहे.

त्या वाटेवरच्या पैठणला पुढे जे वैभव आले, ते तिच्या पदराने सर्वांस परिचित आहे. असावली म्हणजे फुलांची वेल, बांगडीतला मोर, पोपटासारखी मुनिया, अजिंठ्याच्या चित्रांची आठवण देणारे कमळ, ही तिची ओळखीची नक्षी. पण हे फूल विणले कसे जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला निसर्गाची नक्कल हा शब्द वापरवत नाही. विणकर ताण्याचे दोरे मोजतो. प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या लहान कांडीवर असतो; जेथे एक रंग संपतो तेथे दुसरा त्याच्यात अडकवून पुढे न्यावयाचा, आणि असे काही बोटे कापड होण्यास दिवस जातो. मागावर गोल रेषा निघत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी वळते. म्हणून वेल मागावर येण्यापूर्वी तिचा हिशेब व्हावा लागतो. किती दोऱ्यांवर पान संपते आणि कितव्या दोऱ्यावर कळी सुरू होते, हे ठरवणारा माणूस त्या वेलीकडे एकदाच ओझरते पाहून निघून गेलेला नसतो.

निसर्गाचा दुसरा ठसा आमच्या भाषेत आहे. मराठीतील रंगांची नावे वाचकांनी एकदा मोठ्याने उच्चारून पाहावीत: जांभळा, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, नारिंगी, केशरी, पोपटी, मोरपंखी, शेवाळी, गुलबक्षी, अबोली. ही रंगांची यादी नव्हे; रानातून, परसातून आणि मळ्यातून केलेल्या फेरफटक्याची ती टिपणवही आहे. पेशवे माधवरावांनी पैठणहून असावलीचे दुपट्टे मागवले तेव्हा रंग सांगण्यास त्यांनाही डाळिंब आणि केशर यांचाच आधार घ्यावा लागला. अबोली हा शब्द उच्चारताच गोव्याच्या वाचकांना आपल्या आईच्या वेणीतला गजरा आठवेल. त्या एका नावासाठी मराठी आणि कोकणी यांच्यात सीमावाद होण्याचे कारण नाही.

काठांची नावेही अशीच. नारळी काठ माडाच्या मुलखाची आठवण ठेवतो. परंतु आम्हांस सर्वांत प्रिय आहे तो रुईफुली काठ. रुई हे काही बागेत लावण्याचे झाड नव्हे. ती पडीक जमिनीवर, बांधावर आणि गाडीवाटेच्या कडेला आपोआप उगवते; जनावरे तिला तोंड लावीत नाहीत. तिचे चांदणीसारखे, मेणचट, पाच पाकळ्यांचे फूल जवळून पाहण्यास माणसाला वाटेवर थांबावे लागते. कोणा एका अनाम विणकराने ते पाहिले आणि लुगड्याच्या काठावर ओळीने मांडले. राजवाड्याच्या उद्यानातले फूल कापडावर आले तर त्यात नवल नाही. उकिरड्याशेजारच्या रुईला लुगड्याच्या काठावर जागा मिळाली, हे मात्र पायी चालणाऱ्या समाजातच घडू शकते.

आणि जेथे फूल नाही, तेथेही शेत असते. गोव्यातील कुणबी-गावडा स्त्रियांचे लाल चौकडीचे आखूड लुगडे पाहावे. त्यावर वेल नाही, मोर नाही. पण खांद्यावर गाठ मारून चापून नेसलेले ते वस्त्र चिखलात वाकून काम करणाऱ्या देहासाठीच आकाराला आले आहे. वेंडेल रॉड्रिक्स या वेषरचनाकाराने अलीकडच्या काळात त्याकडे पुन्हा लक्ष वेधले, तेव्हा शहरांना त्याचे सौंदर्य कळले. शेताला ते आधीपासून ठाऊक होते.

आता या नात्यात फट कोठे पडली, ते पाहू. आमच्याकडे तांबडा रंग पुष्कळदा आलीच्या मुळापासून निघे. वऱ्हाडात आलीची लागवड होत असे. झाड काही वर्षे वाढू द्यावयाचे आणि मग खोल खणून मुळे काढावयाची. त्या झाडाचे नाव आलवण या शब्दात राहिले. एकेकाळी विधवांच्या वाट्याला आलेले ते तांबडे लुगडे आज कोणी नेसत नाही, आणि ते गेले याचे दुःखही करण्याचे कारण नाही; परंतु शब्दाबरोबर झाडाची ओळखही गेली. 1868 साली जर्मनीत मंजिष्ठेतील रंगद्रव्य, अलिझरीन, प्रयोगशाळेत तयार झाले. 1897 साली कारखान्यातील नीळ बाजारात आली. काही दशकांत आलीची, मंजिष्ठेची आणि निळीची शेते ओस पडली. या बदलाला केवळ शिव्या देणे अन्यायाचे होईल. रंग स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर आले, आणि रंगाऱ्याचे ढोर कष्ट कमी झाले. परंतु रंगासाठी रानात जाण्याचे प्रयोजन संपले, हेही तितकेच खरे.

तरीही फट पुरती रुंदावली नाही, याचा पुरावा कोठीहून एका दिवसात पाहून येता येतो. पूर्वेकडे, आजच्या यादाद्री भुवनगिरी जिल्ह्यात, पुट्टपाका हे गाव आहे. तेथील तेलिया रुमालास 2020 साली मानांकन मिळाले. किनाऱ्यावरील चिराळा हे या कलेचे जुने केंद्र. तेथील रुमाल एके काळी अरबस्तानापर्यंत जात. या रुमालाचे सूत विणण्यापूर्वी तेलात आणि एरंडाच्या बोंडांच्या राखेच्या पाण्यात कित्येक दिवस मळले जाते; त्यानेच तांबडा रंग धाग्यात मुरतो आणि कापडास तो ओळखीचा तेलकट वास व मऊपणा येतो. अलिझरीन कारखान्याचे आले, पण राख एरंडाचीच राहिली. नळगोंड्याच्या कोरडवाहू माळरानावर एरंड जागोजाग दिसतो. म्हणजे येथे निसर्ग नक्षीत नसून धाग्याच्या अंगात मुरलेला आहे.

त्याच जिल्ह्यात, हैदराबादपासून सुमारे 50 किलोमीटरवर, पोचमपल्ली आहे. धागा आधी बांधावयाचा, रंगवावयाचा आणि मग विणावयाचा, ही तेथील विद्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती चिराळ्याच्या बाजूने तेथे आली. रेशमी साड्या तर स्वातंत्र्यानंतरच्या. भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत 2004–05 या पहिल्याच वर्षी ज्या गावाचे नाव चढले, त्या गावची कला अशी बाहेरून चालत आलेली! कोणी तर्ककर्कश वकील यावर हरकत घेईल. आम्ही घेणार नाही. सोलापूरच्या मागांचा इतिहासही असाच आहे: एकोणिसाव्या शतकात तेलंगणातून पद्मशाली विणकर तेथे गेले आणि सोलापूरचे झाले. मराठवाड्यातून मराठी माणूस पोटासाठी कोठीला आला, तेलंगणातून तेलुगू माणूस पोटासाठी सोलापूरला गेला. कला वाटेने येते. जेथे तिला पाणी, गिऱ्हाईक आणि शेजार मिळतो तेथे ती मुक्काम करते, आणि दोन पिढ्यांनी तो मुक्काम गाव होतो.

पोचमपल्लीच्या बाबतीत तर वाटेनेच गावाला नवे नाव दिले. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा भावे वर्ध्याहून पायी निघाले आणि सुमारे 300 मैल चालून हैदराबादेजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनास आले. तेथून ते अशांत तेलंगणात शिरले. 18 एप्रिल रोजी पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. हा इतिहास सर्वश्रुत आहे. क्वचित लक्षात येणारी गोष्ट ही की, वर्षानुवर्षे टकळीवर सूत काढून त्याचा तपशीलवार हिशेब ठेवणारा एक मराठी कातणारा त्या दिवशी विणकरांच्या गावात पायी आला होता. गाडीने येणाऱ्याला गाव दिसते. पायी येणाऱ्याला गावाची मागणी ऐकू येते.

अशी दृष्टी केवळ आपलीच मिरास आहे, असा अभिमान बाळगू नये. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याने कारखानी रंगांना कंटाळून थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याबरोबर नीळ आणि मंजिष्ठ यांचे प्रयोग केले, आणि आपल्या केल्मस्कॉटच्या बागेत स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी पाहून 1883 साली त्यांचे कापड काढले. त्या पक्ष्यांबरोबर मॉरिसचे नाव जगभर गेले. रुईफुली काठ प्रथम कोणी विणला, त्याचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही. श्रेय समूहाचे आहे. आणि समूहाचे श्रेय राखणे हाच तर मानांकनाच्या कायद्याचा हेतू.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कापडात गाव कोठे असते? रेशमात असेलच असे नाही. नक्षीतही पुरते नसते, कारण नक्षी यंत्राने एका रात्रीत छापता येते आणि सुरुवातीला तिचा फसवेपणा उमजतही नाही. आमच्या मते ते परिचयात असते: दोरे मोजणाऱ्या बोटांचा वेलीशी, राख कालवणाऱ्या हाताचा एरंडाशी, आणि नेसणारीच्या जिभेचा आमसुली व अबोली या शब्दांशी. कायदा नावाचे रक्षण करू शकतो. छापील इकतावर पोचमपल्लीचे नाव घालणाऱ्यास न्यायालयात खेचू शकतो. परंतु परिचयाचे रक्षण करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाही. विणकराच्या मुलाने मजुरी परवडत नाही म्हणून माग सोडला आणि गिऱ्हाइकाने रंग क्रमांकाने मागितला, की नोंदवहीतील गाव शिल्लक राहील आणि कापडातील गाव निघून जाईल.

मराठीत विणण्याच्या यंत्रासही माग म्हणतात आणि पावलांच्या खुणेसही माग म्हणतात. तेलुगूत पहिल्यासाठी मग्गम् हा शब्द आहे. या शब्दांची कुळी भाषापंडितांनी पाहावी. आम्ही वाचकांस इतकेच सुचवितो की, पुढील वेळी हातमागाचे वस्त्र घेण्यापूर्वी ज्या मुलखातून ते आले तेथे एक दिवस पायी हिंडावे. बांधावरची रुई आणि माळावरचा एरंड ओळखावा. विणकराच्या ओसरीवर बसून या नक्षीला तुम्ही काय म्हणता, असे त्यास विचारावे, तो सांगेल ते नाव लक्षात ठेवावे, आणि मग घासाघीस न करता त्याच्या दिवसांचे मोल द्यावे.