पांढऱ्या दाढीचा शोध

रंगभूमीवर म्हातारपण उसने आणता येते. आमच्या संगीत नाटकमंडळ्यांत पंचविशीतला नट पांढरी दाढी चिकटवी, आवाजात थोडा कंप आणी, काठी टेकीत विंगेतून बाहेर येई आणि प्रेक्षक त्यास निःशंकपणे वृद्ध राजा वा ऋषी मानीत. प्रकाश मंद, अंतर लांब आणि प्रेक्षकांचे मन उदार. एवढ्या सामग्रीवर सोंग निभावून जाई. छायाचित्राचे भिंग इतके उदार नसते. ते चेहऱ्यापासून दोन-चार हातांवर उभे राहते आणि दाढीबरोबर डिंकही टिपते. म्हणून छायाचित्रात एखादा पुराणपुरुष, राजा वा साधू उभा करावयाचा असेल, तर खऱ्या सुरकुत्यांचा माणूस शोधावा लागतो. तो कोठे मिळतो, कशाच्या मोबदल्यात मिळतो आणि चित्र झाल्यावर त्याच्या वाट्याला काय येते, हे प्रश्न जुने आहेत. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ह्या बाईंच्या उद्योगाच्या आधारे आम्ही ते येथे पाहणार आहोत.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. वडील कंपनी सरकारचे अधिकारी. १८३६ साली प्रकृतीसाठी त्या केप ऑफ गुड होप येथे गेल्या असता त्यांस दोन माणसे भेटली आणि त्या दोघांनी त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. एक सर जॉन हर्शेल. ते दक्षिण गोलार्धातील तारे न्याहाळण्यासाठी तेथे राहिले होते. दुसरे चार्ल्स हे कॅमेरॉन. हिंदुस्थानच्या विधिआयोगाचे सभासद, मेकॉले ह्यांचे सहकारी. दंडसंहितेचा मसुदा तयार होत असतानाच आजारपणामुळे त्यांस केपला यावे लागले होते. १८३८ साली कलकत्त्यात ह्या दोघांचा विवाह झाला. वर वधूपेक्षा वीस वर्षांनी मोठा होता. चार्ल्स पुढे गव्हर्नर-जनरलच्या मंडळाचे विधिसभासद झाले आणि १८४८ साली हे कुटुंब इंग्लंडला परतले. आयल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर ह्या गावी त्यांनी घर केले. तेथे १८६३ च्या नाताळात मुलीने व जावयाने बाईंना एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळी बाईंचे वय अठ्ठेचाळीस होते. कोळशाच्या खोलीची अंधारखोली झाली, कोंबड्यांच्या खुराड्याला काचा बसवून चित्रशाळा झाली, आणि माणसांचा शोध सुरू झाला.

पहिला माणूस त्यांनी पैसे देऊन आणला. गावातील एका शेतकऱ्याच्या मुद्रेत त्यांस इंग्लंडच्या इतिहासातील बोलिंगब्रोकचा भास झाला. तासाला अर्धा क्राउन ह्या दराने त्यास बसविण्यात आले. अनेक तास आणि अनेक अर्धे क्राउन खर्ची पडल्यावर एकदाचे चित्र उमटले; बाईंनी आनंदाच्या भरात काच हाती घेतली आणि ओल्या बाजूवरून हात फिरून चित्र पुसले गेले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. ती केवळ गमतीची नाही. पात्राचे नाव बोलिंगब्रोक, मजुरी अर्धा क्राउन, हे सारे त्या हकीकतीत आहे. शेतकऱ्याचे नाव तेवढे नाही.

ह्या धंद्यात बसणाऱ्यास कष्ट किती पडत, हे ती रीत ठाऊक असल्याखेरीज ध्यानी येणार नाही. काचेवर कलोडियनचा थर ओतावयाचा, ती रौप्य-नत्रिताच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवावयाची. थर वाळण्यापूर्वी प्रकाश देणे व चित्र धुणे, दोन्ही उरकावे लागे. कॅमेरॉनबाईंना मोठे चेहरे हवे असत, तेही मंद प्रकाशात. त्यामुळे समोरच्या माणसाने तीन ते सात मिनिटे हालचाल न करता राहावे लागे. साठी-सत्तरी उलटलेल्या माणसास ताठ मानेने सात मिनिटे बसविणे ही लहानसहान मागणी नव्हे. म्हणूनच अनोळखी वृद्धापेक्षा ज्याच्यावर स्नेहाचा हक्क सांगता येईल असा वृद्ध त्यांस अधिक उपयोगी पडला.

असा स्नेही म्हणजे हर्शेल. चित्र काचेवर वा कागदावर कायम करणाऱ्या हायपोचा गुणधर्म त्यांनीच शोधला होता आणि 'फोटोग्राफी' हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही त्यांचेच. १८६७ साली बाई आपले अवजड सामान घेऊन केंट परगण्यातील त्यांच्या घरी गेल्या. हर्शेल तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे होते. बाईंनी त्यांस केस धुवावयास लावले आणि ते विंचरू दिले नाहीत, असे सांगतात. त्या चित्रात काळोखातून उजळलेले पिंजारलेले पांढरे केस आणि थकलेले, तरीही विलक्षण जागे डोळे दिसतात. त्याच वर्षी एकाहत्तरीतले कार्लाइलही त्यांच्यापुढे बसले. सर्वच जण मात्र वश झाले नाहीत. १८६४ साली गॅरिबाल्डी हे टेनिसन कवीच्या भेटीस फ्रेशवॉटरला आले असता बाईंनी गुडघे टेकून चित्रासाठी विनवणी केली. रसायनांनी काळे झालेले त्यांचे हात पाहून पाहुण्यास ती कोणी भिकारीण वाटली, अशी आख्यायिका आहे. एवढे खरे की, त्यांच्या संग्रहात गॅरिबाल्डी नाहीत.

हर्शेल व कार्लाइल ह्यांची चित्रे त्यांच्या स्वतःच्या नावाने झाली. कथापात्रांसाठी मात्र ज्याला स्वतःचे नाव क्षणभर बाजूस ठेवता येईल असा वृद्ध हवा होता. तो हेन्री टेलर ह्यांच्या रूपाने मिळाला. टेलर हे कवी व नाटककार होते हे खरे. पण आमच्यासारख्या कचेरीत जन्म घालविणाऱ्यांना त्यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. १८२४ साली ते लंडनच्या वसाहत-खात्यात कारकून म्हणून लागले आणि १८७२ पर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे, तेथेच राहिले. सरकारी कारभार कसा चालतो ह्यावर 'द स्टेट्समन' नावाचे पुस्तकही त्यांनी १८३६ साली लिहिले. अशा माणसास बाईंनी १८६५ साली कधी प्रॉस्पेरो केले, कधी फ्रायर लॉरेन्स. प्रॉस्पेरोच्या चित्रात त्यांच्यासमोर मिरांडा म्हणून मेरी रायन आहे. ही एका भीक मागणाऱ्या आयरिश बाईची मुलगी. कॅमेरॉन कुटुंबाने तिला घरी आणून वाढविले होते. १८६७ साली तिचा विवाह ज्या सनदी अधिकाऱ्याशी झाला, ते हेन्री कॉटन पुढे १९०४ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

परंतु बाईंना सर्वांत मोठा ठेवा सापडला तो स्वतःच्या घरात. पती चार्ल्स आता वृद्ध झाले होते. त्यांची दाढी व केस शुभ्र झाले होते, आणि घराचा आर्थिक आधार सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांवर होता. १८७२ साली ते राजा लिअर झाले. समोर लिडेल घराण्यातील तिघी बहिणी राजकन्या म्हणून उभ्या राहिल्या. १८७४ साली टेनिसन ह्यांनी आपल्या आर्थर राजाच्या काव्यासाठी चित्रे मागितली, तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या चार्ल्सना जादूगार मर्लिन व्हावे लागले. त्यांना हसू आवरेना आणि काचेवर मर्लिन हलू लागला, अशी आठवण व्हिव्हियन म्हणून बसलेल्या बाईंनी पुढे लिहिली आहे.

हे हसणारे मर्लिन कोण होते, हे आपण विसरता कामा नये. ज्या आयोगाने हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा केला त्याचे ते सभासद. १८४६-४७ साली त्या मसुद्याची छाननी करून अहवाल देणाऱ्यांपैकी एक. ती संहिता १८६० साली मंजूर झाली, १८६२ पासून अंमलात आली आणि १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहितेने तिची जागा घेईपर्यंत ह्या देशात चालली. निवृत्तीनंतर अधिकाऱ्याचे काय उरते, असे आम्ही आपसांत पुष्कळदा म्हणतो. चार्ल्स ह्यांच्या बाबतीत अहवाल अभिलेखागारात उरला आणि चेहरा मर्लिनच्या नावाने उरला. तरीही त्यांस फार काही गमवावे लागले नाही. कारण मर्लिनच्या आड कोण आहे, हे सर्वांस ठाऊक होते.

हे भाग्य प्रत्येक वृद्धाचे नव्हते. बाईंच्या संग्रहात थोर वृद्ध पुरुष जितके आढळतात, तितक्या वृद्ध स्त्रिया आढळत नाहीत. स्त्री बहुधा तरुण आहे. ती मॅडोना आहे, ज्यूलिएट आहे. पुरुषाच्या सुरकुतीत त्या काळाने ज्ञान वाचले. स्त्रीच्या सुरकुतीत तेच वाचावे असे त्या काळास सहसा सुचले नाही. इकडे हिंदुस्थानात १८६८ ते १८७५ ह्या वर्षांत 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. त्यांत बहुतेक माणसे आपापल्या जातीजमातीचे नमुने म्हणून मांडली आहेत. तेथेही चेहरे शोधले गेले. पण ते स्नेहाच्या हक्काने नव्हे.

१८७५ साली कॅमेरॉन दांपत्य सिलोनला जाऊन राहिले. ह्या नव्या ठिकाणी ना हर्शेल होते ना टेलर. बाईंनी मग मळ्यांतील व आसपासच्या खेड्यांतील माणसांकडे कॅमेरा वळविला. १८७८ च्या सुमाराचे कालुतारा येथील शेतकऱ्यांचे एक चित्र त्यांत आहे. त्यात एक वृद्ध आहे आणि एक मुलगी. मुलगी बारा वर्षांची आहे, म्हातारा आपण तिचा बाप असल्याचे सांगतो आणि आपले वय शंभर असल्याचेही सांगतो, अशी नोंद चित्राखाली केलेली आहे. पुढल्याच वर्षी बाई सिलोनमध्ये निवर्तल्या आणि १८८० साली चार्ल्सही गेले.

ती नोंद आम्हांला हर्शेलच्या चित्राइतकीच मोलाची वाटते. कोणताही सरकारी अर्ज घ्या. त्यात नावाचा रकाना आधी असतो आणि वयाचा नंतर, आणि वयापुढे 'अंदाजे' असे लिहून काम भागते. कालुताऱ्याच्या म्हाताऱ्याने आपले वय ठासून सांगितले, नाते सांगितले, आणि बाईंनी ते दोन्ही प्रामाणिकपणे उतरून घेतले. तो प्रॉस्पेरो नव्हता, मर्लिनही नव्हता. शंभर वर्षांचा बाप, एवढेच पात्र त्याने स्वतः निवडले होते. नावाचा रकाना मात्र कोरा राहिला. आज कोणी असा चेहरा शोधावयास निघेल, तर त्याने मोबदला किती द्यावा ह्याचा विचार अवश्य करावा. पण चित्र घेण्यापूर्वी तो रकाना आधी भरावा.