दालचातला दुधी, घारग्यातलं डांगर

पावसाळा सरता सरता आमच्या वैजापूरच्या बाजारात डांगरं दिसू लागतात. पुस्तकी मराठीत लाल भोपळा. उपासाच्या भरतात अन् घारग्यांत तो असा मुरलाय, की त्याला परका कोण म्हणेल? पण मूळचा तो अमेरिकेतला. मेक्सिकोतल्या ओआहाकात त्याचा एक भाऊबंद सुमारे १०,००० वर्षांपूर्वी लावला जात होता. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला; हे बी आपल्याकडे आलं ते त्यानंतरच, बहुधा पोर्तुगीजांच्या गलबतांतून. म्हणजे जवळच्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा इथल्या कुणाच्याच ताटात डांगर नव्हतं!

दुधी मात्र जुना, मूळचा आफ्रिकेचा. पैगंबरांना तो आवडे, असं हदीसमध्ये आहे. म्हणून अम्मी दालचातल्या दुधीच्या फोडी मोजून वाढायची. वारकऱ्यांच्या वीण्याचा वाळका भोपळाही याच जातीचा. आता सांगा, कुणाची भाजी कोणती?

दुधी चिरताना फोड तेवढी चाखून बघा. कडू लागली तर टाकून द्या, विषबाधा होते. डांगर अख्खं ठेवलं, तर महिनोन्महिने टिकतं. आमच्या माळ्यावर ते संक्रांतीपर्यंत असायचं.